छत्तीस म्हणजे उत्तर

स्टेनव्होर म्हणाली, आधी टोपी काढ.
वाऱ्याला पाठ दिली तर तो कळत नाही,
तोंड द्यावं लागतं.
हळूहळू मान वळव.
दोन्ही कानांत सारखाच घोंगाट झाला
की थांब.
आता तो नाकासमोर आहे.

मग तिने कुबडीने खांब दाखवला, दहा मीटर उंच.
वर वातकुक्कुट वगैरे काही नाही,
नुसतं काळं शेपूट आणि बाण.
बाण सांगतो वारा कुठून आला.
चाललाय कुठे, हे कोणी विचारत नाही.
पाण्याचं उलट. प्रवाह जिकडे जातो
त्या दिशेचा म्हणायचा.
तिचा नवरा खलाशी होता,
एकाच नावेत बसून आयुष्यभर
एकाचं माहेर सांगायचा
आणि दुसऱ्याचं सासर.

वहीत दोनच आकडे, अंशांचं शेवटचं शून्य गाळून.
पूर्व नऊ, दक्षिण अठरा, पश्चिम सत्तावीस.
उत्तर मात्र छत्तीस.
मग शून्य कधी लिहायचं?
वारा नसेल तेव्हा, ती म्हणाली,
आणि इतकं हसली की कंबर दुखली.
गेल्या वर्षी एकोणीस वेळा.
आणि नव्व्याण्णव?
ते त्याचं त्यालाच ठरत नसेल तेव्हा.

ती ऑपरेशनला गेली त्या आठवड्यात
मी मासळीच्या कारखान्यातून थेट तिच्याकडे यायचे,
हातांना कॉडचा वास, सहाची नोंद.
काटा तीनशेपन्नास आणि दहाच्या मधे डुलत होता.
मी बेरीज केली, अर्धी केली,
एकशेऐंशी आले. अठरा लिहून टाकलं.
इस्पितळातून फोन:
बर्फ कुठल्या काचेवर बसतोय?
शेडकडच्या.
ती उत्तरेची काच, याग्ना.
उत्तरेकडून दोन माणसं आली
तर सरासरीने ती दक्षिणेची होतात का?

मी खोडलं नाही. वहीत खोडायचं नसतं.
वर रेघ मारून बाजूला छत्तीस लिहिलं, खाली सही.

इथले म्हातारे आग्नेयेला लांदसुदुर म्हणतात,
जमिनीकडची दक्षिण.
मी टेकडीवर जाऊन पाहिलं.
त्या बाजूला फ्योर्डचं तोंड,
पुढे पाणी, पुढे पाणीच.
आणि वायव्येला म्हणतात बाहेरची उत्तर,
तिथे तर हा डोंगर उभा,
सगळं आइसलँड पाठीशी घेऊन.
स्टेनव्होर, हे उलटं आहे.
असू दे, ती म्हणाली, आम्ही नॉर्वेहून आलो,
तिथे जमीन त्या बाजूला होती.
कधी आलात?
हजार वर्षं झाली असतील. अकराशे.
आणि कोणी दुरुस्त नाही केलं?
तिने कॉफीत साखरेचा खडा बुडवला, दातांत धरला,
उत्तर दिलं नाही.

आज फेब्रुवारीची अकरा, सकाळचे सहा, अंधार.
टोपी काढली. डावा कान जास्त, उजवा कमी,
थोडं वळले. सारखे झाले.
वाऱ्याला कसलाच वास नाही, नुसता गार.
भिंतीवरच्या नकाशावर ओलं बोट ठेवलं
आणि तो येतो त्या बाजूला सरकवत नेलं:
फेरोच्या खालून, डेन्मार्कच्या वरच्या टोकावरून,
बाल्टिक,
लेबा, वाळूच्या टेकड्या, आमचं गाव,
जिथे आई चादरी वाळत घालताना
चिमटे दातांत धरून म्हणायची,
आज समुद्राकडचा आहे, वाळणार नाहीत.

बोट उचललं. नकाशावर ओला पट्टा राहिला,
तोही थोड्या वेळात उडेल.

दिशा तेरा. वेग नऊ मीटर.
शेऱ्याच्या रकान्यात मनातलं लिहायचं नसतं,
गारा पडल्या, वीज चमकली, एवढंच.
मी पेन तिथे नेलं होतं.
लांद, इतकंच लिहिलं,
मग त्यावर रेघ मारली, खाली सही केली,
आणि बुटांतला बर्फ दारात झटकला.

पुढची नोंद नऊला.